बांधलेला हात

फिजिओथेरपीच्या खोलीत शिरले आणि जागीच थबकले. आईचा डावा, धडधाकट हात जाड हातमोज्यात कोंबून गळ्यातल्या झोळीत बांधून टाकला होता. समोर वाटीत शेंगदाणे. पक्षाघाताने लुळा पडलेला उजवा हात टेबलावर जेमतेम थरथरत होता.

"अहो, चांगला हात कशाला बांधलात?"

"तो मोकळा असला की उजवा कामच करत नाही, ताई," थेरपिस्ट मुलगी म्हणाली. "काकू घरी जेवतात कशा?"

"मीच भरवते. तीन महिन्यांत एक घास तिला हाताने घेऊ दिला नाही!" मी अभिमानाने सांगितलं.

थेरपिस्टने झोळीची गाठ घट्ट केली, आणि माझ्या लक्षात आलं. हे लोक डावा हात तासभर बांधतात. उजवा मी तीन महिने बांधून ठेवला होता, वरणभात मऊ कालवून. कुणाचं सगळं करता करता आपण त्याचं करणंच काढून घेतो, आणि शेजारपाजारचे म्हणतात, लेक असावी तर अशी.

तरी सवयीने मी एक दाणा उचलून आईच्या तोंडाशी नेला. तिचा उजवा हात टेबलावरून हळूहळू वर आला. त्या हाताची तीन महिन्यांतली पहिली धड हालचाल मी पाहिली. तिने माझा हात बाजूला सारला.