नसलेली चाळिसावी ओळ

दुपारी संगणकाच्या पडद्यावरचा पिवळा बाण चाळिसाव्या ओळीपाशी येऊन थांबला. तिथं ओळ नव्हतीच. ज्या फाइलीतली म्हणून ती दाखवली होती, त्या नावाची फाइलसुद्धा जगात कुठं नाही.

प्रोग्राम अडला की तो कुठल्या ओळीत अडला, हे डीबगर दाखवतो. पण ते तो स्वतःच्या अकलेनं सांगत नाही, प्रोग्रामला जोडलेला नकाशा वाचून सांगतो. डीबगरची परीक्षा घ्यायला हवे तसे नकाशे बनवून देणारं साधन लिहिणं, हे माझं काम. आज नकाशात मुद्दाम सगळ्या थापाच भरल्या होत्या. वाटलं, डीबगर निदान कुरकुरेल तरी. त्यानं निमूट त्या नसलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"बघा, किती भाबडा आहे!" शेजारच्या टेबलावरची मेधा हसली. मला हसू आलं नाही.

आमची मुलगी तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेली. कारण सांगितलं नाही, फोन उचलत नाही. तेव्हापासून मी आणि बायको आमची चूक शोधतोय. कधी ती चूक तिच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी सापडते, कधी मी तिच्यावर हात उगारला त्या संध्याकाळी. नकाशा रोज नवा, आणि बोट रोज तितक्याच खात्रीनं टेकतं. खरं काय ते तिच्यापाशी आहे, आणि ती आता येणार नाही.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "त्या सहलीला तिला जाऊ दिलं नाही ना, तिथंच चुकलं हो आपलं."

कुठली सहल, मला काही केल्या आठवेना.

"हो, तिथंच," मी म्हणालो.