न चाखता लावलेलं मीठ

पोलीस अॅक्शनच्या पुढच्या वर्षी चतुराबाई करमाडला नांदायला आल्या, आणि दोन-तीन वर्षांतच घरच्या कंदुरीचं, म्हणजे पीराच्या नावानं घालायच्या मटणाच्या जेवणाचं, मीठ त्यांच्या हाती आलं. ते सोपं काम नव्हतं. बांधावरच्या पीराला निवद दाखवल्याशिवाय मटण कुणी जिभेला लावायचं नाही, असा रिवाज. मीठ चुकलं की नाही, हे कळायचं थेट पंगतीत. म्हणजे अब्रू गेली तर शंभर माणसांदेखत. पंचवीस वर्षांत ती गेली नव्हती. पहाटे कच्च्या मटणाला मीठ-हळद चोळायची, वर फडकं टाकायचं, की मिठाचा विषय संपला.

त्या वर्षी धाकटे दीर नानासाहेब नऊ वाजता औरंगाबादेहून आले ते ज्ञान घेऊनच. शहरात एका खानावळीच्या आचाऱ्याशी त्यांची दोस्ती जमली होती.

"वहिनी, मीठ शेवटी टाकायचं असतं. आधी टाकलं की मटण चिवट होतं. पुढल्या वर्षी आचारीच आणू आपण."

"आणा की. त्याला चाखल्याबिगर जमतं का, तेवढं इचारून या भावजी."

मटण शिजत आलं तशा बाई लुगडं बदलायला गेल्या. परत येतात तो नानासाहेब पातेल्यापाशी हात झटकत उभे.

"टाकलं मीठ. दोन ओंजळी."

"पहाटेचं धरून का सोडून?"

नानासाहेबांनी पातेल्याकडं असं पाहिलं, जणू हे त्यानंच आधी सांगायला हवं होतं. "आता कसं, वहिनी? पंगत तर बसायला आली."

बाईंनी पदर खोचला. अर्धा रस्सा उपसून बाजूला काढला, तेवढंच आधणाचं पाणी ओतलं, आणि तीळ-खोबऱ्याचं वाटण दुप्पट घातलं, बिनमिठाचं.

"चाखून तरी बघा," नानासाहेब कुजबुजले.

"कशाला? फोडीच्या आतलं मीठ माझं हाय, ते कुठं जात नाय. वरचं तुमचं. ते निम्मं काढलं, निम्मं वाटण खाईल."

निवद झाला. पहिल्या ताटावर गावातले प्रत्येक घासाला नावं ठेवणारे म्हातारे, काकासाहेब, बसले होते. त्यांनी घास घेतला, सावकाश चावला, आणि वाटी पुढं सरकवली. वाढपी धावला.

नानासाहेबांनीही एक फोड तोंडात टाकली. लोण्यासारखी मऊ, आणि मीठ अगदी हाडापर्यंत.

"वहिनी, लावलं कधी होतं हे?"

"तुम्ही एस्टीत बसायच्या आधी."

पुढल्या वर्षी आचारी आला नाही. नानासाहेब मात्र आदल्या दिवशीच आले, आणि निवद होईपर्यंत पातेल्याशेजारून हलले नाहीत. कुणी मिठाचं भांडं घेऊन फिरकलं, की लांबूनच ओरडायचे, "वहिनींनी लावलंय."