मागच्या सीटवरचा आवाज

आमची गाडी वाजते हे सासऱ्यांनी दाखवून देईपर्यंत मला माहीत नव्हतं. कानांना माहीत असेल, मला नव्हतं. बारा वर्षांची गाडी, सांगलीचे रस्ते, गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या चुकवत रोज शाळेत जाणं-येणं, वाजणारच की. बारा वर्षं संसार केला की माणूसही वाजायला लागतो, म्हणून कुणी त्याला सोडून उतरून जातं का?

सासरे उतरून गेले. भर दुपारी, पाटणच्या स्टँडसमोर.

आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना मामा म्हणतो. कोयनानगरला एकटेच राहतात. धरणाच्या प्रकल्पात नोकरी झाली, तिथंच निवृत्त झाले, सासूबाई गेल्या तरी तिथून हलले नाहीत. डावा डोळा पूर्वीच गेल्यात जमा, आणि आता उजव्यातला मोतीबिंदू पिकला होता. ‘लांबवू नका, नंतर अवघड होईल,’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑपरेशन सांगलीला करायचं ठरलं, कारण नंतर महिनाभर डोळ्यात थेंब घालायला लेकीशिवाय होतं कोण? त्यांची एकुलती एक लेक म्हणजे माझी बायको. एसटीनं या म्हणावं तर मागच्या उन्हाळ्यात कराडच्या स्टँडवर उतरताना त्यांना पायरीच दिसली नव्हती आणि गुडघा फुटला होता. तेव्हापासून तिनं ठरवूनच टाकलं होतं, वडिलांना आणायचं ते आपल्या गाडीतून.

पहिल्यांदा मी एकटाच आणायला गेलो. मामा मागच्या सीटवर बसले, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. धरणाचा रस्ता सोडून जेमतेम पाच मिनिटं झाली असतील.

“जावईबापू, हे काय वाजतंय?”

“काही नाही मामा. दार आहे.”

“दार का वाजतंय?”

“जुनं झालंय.”

पुढचं वळण. मग एक खड्डा.

“आन् हे?”

“काही नाही हो!”

असं पाटणपर्यंत. आरशात बघितलं तर त्यांनी माझ्या सीटची पाठ घट्ट धरली होती आणि कान टवकारून बसले होते. स्टँड आल्यावर म्हणाले, “जरा थांबवा.” मला वाटलं, लघवीला जायचं असेल. ते उतरले, पिशवी घेतली, चाचपडत स्टँडमध्ये गेले आणि कोयनेकडं जाणाऱ्या एसटीत जाऊन बसले. मी धावत खिडकीपाशी गेलो. त्या एसटीच्या काचा, पत्रा, बाकं, सगळं एकदम थडथडत होतं, शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

“मामा, ही एसटी वाजत नाही होय?”

“समदीच वाजतीया,” ते शांतपणे म्हणाले. “त्याचं काय न्हाई.”

बस गेली. तळपायाची आग मस्तकात म्हणतात ती मी पाटणच्या स्टँडवर उभ्या उभ्या अनुभवली.

घरी आलो तर बायकोनं मलाच धारेवर धरलं. “त्यांचा काय दोष? गाडीच तशी हाय तुमची.” मग भाड्याची गाडी कर म्हटलं, तर तीच म्हणाली, उपयोग नाही. मावसभावाच्या नव्याकोऱ्या गाडीत बसवलं होतं, तर सीटबेल्टची पिपाणी ऐकून तिचे दादा, म्हणजे मामाच, तिथूनही उतरले होते. म्हणजे जुनी गाडी खडखडते म्हणून नको आणि नवी पिपाणी वाजवते म्हणून नको. असल्या माणसाला सांगलीला आणायचं कसं, पालखीतून?

शाळेतल्या एका सहकाऱ्यानं डॅम्पिंगचं, म्हणजे पत्र्याचा आवाज दाबणारं अस्तर लावायचं सुचवलं. मिरज रोडला एक चाचा आहेत, सीट कव्हर आणि गाडीचं आतलं काम करतात. पंचावन्नच्या पुढचे, पांढरी दाढी, एकटेच काम करणारे. त्यांनी दारावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. टण्ण. “सर, रिकामा डबा हाय ह्यो,” म्हणाले. मग दाराचं पॅनेल उघडून आतल्या पत्र्यावर चांदीसारख्या कागदाची, काळ्या डांबरासारख्या चिकट रबराची जाड शीट लावली, रोलरनं जीव खाऊन दाबली, आणि पुन्हा टकटक केलं. आता थप्प, ज्वारीच्या पोत्यावर थाप मारल्यासारखा. चारी दारं झाली, डिकी झाली, खाली जमिनीला झालं. मी हरखून गेलो.

तो आनंद विश्रामबागपर्यंत टिकला. गाडीचा घुमणारा मोठा आवाज गेला होता हे खरं, पण त्याच्याखाली इतके दिवस दबून बसलेले बारके आवाज आता मोकळे झाले होते. डॅशबोर्डमध्ये टिकटिक, कुठंतरी किर्रर्र, मागं कायतरी कुरकुर. आगीतून फुफाट्यात. मी परत गेलो आणि चाचांना म्हटलं, तुम्ही आवाज कमी केलेत का वाढवलेत?

“मोठं गप झालं की बारकं बोलतं, सर. चला, बसा.”

मी गाडी चालवायची आणि चाचांनी मागच्या डाव्या सीटवर बसून हात लांब करकरून जिथं पोचेल तिथं अंगठा दाबायचा. अंगठा दाबल्यावर आवाज थांबला की तिथं खडूची खूण. मग दुकानात येऊन प्लास्टिक उचकटायचं, फुटलेली क्लिप बदलायची, कापडी टेप लावायची. असे तीन रविवार गेले. सीटखाली चार नाणी, पेनाचं टोपण, मुलीचा शाळेतला कंपास आणि एक वाळून खडा झालेलं लिंबू निघालं. एक टिकटिक तर डॅशबोर्डवरच्या गणपतीची निघाली. चाचा हात मागं घेऊन म्हणाले, “वहिनींना आणा. देव त्यांनी उचलायचा, खालची टेप मी लावतो.” मग तेवढ्यासाठी बायकोला घेऊन गेलो.

या नादात माझे कान बिघडले. घरी फ्रीज वाजतो, पंखा वाजतो, शेजाऱ्यांचं फाटक वाजतं, सगळं मला ऐकू यायला लागलं. वर्गात पोरं बाक हलवायची आणि मी फळ्याकडं तोंड करून म्हणायचो, तिसऱ्या बाकाचा स्क्रू ढिला आहे.

शेवटच्या रविवारी चाचांनी विचारलं, “पण सर, तरास कुणाला हुतोय?”

“सासऱ्यांना.”

“मग त्यास्नीच आणा की हितं. ज्याला आयकू येतंय त्यालाच इचाराय पायजे.”

“अहो चाचा, ते गाडीत बसत नाहीत म्हणून तर हे सगळं चाललंय!”

चाचा हसले. मला हसू आलं नाही. डॉक्टरांची एक तारीख आधीच हुकली होती आणि दुसरी दोन दिवसांवर आली होती.

मग पुन्हा कोयनानगरला गेलो. या वेळी बायको बरोबर होती, म्हणून मामा गाडीत बसले. ती पुढं, मामा मागं उजवीकडं. गाडी अशी गप्प चालली होती की मला माझाच अभिमान वाटत होता. मामा मान ताठ ठेवून ऐकत होते. वळणं सुरू झाली आणि मागून बारीकसा आवाज आला. टिक. पुढच्या वळणाला पुन्हा. टिक.

मामांनी तोंड उघडायच्या आत मीच ओरडलो, “काही नाही ते!”

“थांबवा गाडी.”

मी कडेला घेतली आणि माझा तोल गेला. तीन रविवार घालवले, म्हटलं. गाडीची सालं काढली. आख्खी एसटी वाजते ती तुम्हाला चालते आणि माझ्या गाडीत टाचणी पडलेली चालत नाही. डोळा घालवायचाय का तुम्हाला? बायको “आवं, गप बसा” म्हणत होती, पण मी थांबलो नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

“एसटीत समदंच वाजतंय,” ते म्हणाले. “त्यात इचार कराय न्हाई लागत. एकच काय वाजलं म्हंजे बगाय लागतं. तुमी न बगताच काय न्हाई म्हंता. परत्येक येळंला.”

मी इंजिन बंद केलं.

“मीबी तसंच म्हटलं हुतं. मोठ्या भूकंपाच्या पहाटं. तवा बारकं धक्कं रोजचंच हुतं, कोन उठत न्हवतं. फळीवरची भांडी वाजली. धाकटी भैन माज्याजवळ निजली हुती, ती म्हनली, दादा, काय वाजतंय? मी म्हटलं, काय न्हाई, मांजर हाय. नीज. ती निजली.” त्यांनी पिशवी मांडीवर जरा सारखी केली. “सा वर्साची हुती.”

बायकोला लहानपणी गेलेली एक आत्या होती एवढंच माहीत होतं. मांजराचं तिलाही माहीत नव्हतं. ती समोरच्या काचेकडं बघत बसली आणि पदराचं टोक तिनं तोंडावर धरलं. मला माझीच लाज वाटली. दोन्ही फेऱ्यांत मी या माणसाला तेच दोन शब्द ऐकवत होतो, आणि वर तारसप्तकात.

मी खाली उतरलो. मागची दोन्ही दारं उघडली, सीटखाली हात घातला, डिकी बघितली, स्टेपनी हलवून बघितली. दहा मिनिटं तरी गेली असतील. शेवटी सापडलं. मागच्या डाव्या सीटच्या बेल्टचं बक्कल लोंबत होतं, आणि वळणाला ते बाजूच्या प्लास्टिकवर आपटत होतं. चाचा दर रविवारी त्याच सीटवर बसायचे, त्यामुळे ते त्यांच्या पाठीमागं दबलेलं असायचं. मी ते बक्कल ओढून मामांच्या हातात दिलं.

“हे वाजत होतं, मामा.”

डोळ्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी ते बोटांनी चाचपलं. एकदा प्लास्टिकवर स्वतःच आपटून ऐकलं. टिक. “व्हय, ह्येच,” म्हणाले. मग ते मुठीत धरून बसले. पाटण गेलं, कराड गेलं, ताकारीपाशी उसाच्या गाड्यांनी अर्धा तास अडवलं, पण ती मूठ सांगलीपर्यंत सुटली नाही आणि ते उतरूनही गेले नाहीत.

ऑपरेशन चांगलं झालं. महिनाभर लेकीनं थेंब घातले. पट्टी निघाल्यावर मामांनी आमच्या घराच्या भिंतीवरची चीर पहिली पाहिली आणि ती कशानं पडली याची माझ्याकडं चौकशी केली. मी उठून, स्टूल घेऊन, जवळून बघून उत्तर दिलं. प्लास्टरची होती.

मग त्यांना परत सोडायला निघालो. पाटण सोडून थोडं पुढं गेल्यावर गाडीखालून टण्णकन आवाज आला. मी गाडी कडेला घेतली आणि बेल्ट काढायला लागलो.

“काय न्हाई, जावईबापू,” मागून मामा म्हणाले. “खडा उडाला. मी बगितला. चला.”

मी तरी उतरलो. चारी चाकं फिरून बघितली, वाकून खाली बघितलं. परत येऊन बसलो तेव्हा मामा सीटवर डोकं टेकून झोपले होते.