दहा हजार सात लाद्यांचा चौकोन

आमचे हे फरशी बसवणारे. सिमेंट कालवण्याआधी सगळ्या लाद्या जमिनीवर कोरड्या मांडायच्या, चौकोन जुळला की मगच कामाला हात घालायचा, ही सासऱ्यांकडून आलेली खोड. एकदा मांडलं की जुळलंच, म्हणून तोराही काही कमी नव्हता.

आणि मग शाळेचं काम आलं. आजवर तिथे शिकलेल्या प्रत्येक मुलाच्या नावाची एकेक चिमुकली लादी, एकूण दहा हजार सात. सभागृहाच्या मधोमध त्यांचा चौकोन हवा. लांबी-रुंदी तुम्हीच ठरवा, पण एकही लादी कापायची नाही की वगळायची नाही, असं मुख्याध्यापिकांनी बजावलं. ह्यांनी मारे ऐटीत मान डोलावली.

शंभराच्या शंभर ओळी मांडल्या, तर सात उरल्या. अठ्ठ्याण्णव ओळी एकशे दोनच्या केल्या, अकरा उरल्या. सत्त्याण्णव ओळी एकशे तीनच्या, सोळा!

"अहो, मोजायला चुकताय तुम्ही."

"मग तू मोज की!"

मी कंबर मोडेपर्यंत मोजल्या. दहा हजार सातच. आता माझंही डोकं गरगरायला लागलं.

ह्यांनी हातातली लादी खाली ठेवली. सासऱ्यांच्या शेवटच्या कामात असंच झालं होतं. चौकोन काही केल्या जुळेना. म्हातारचळ लागला म्हणत आम्ही हसलो आणि ह्यांनी त्यांच्या हातातली थापी काढून घेतली. ते पुन्हा कधी कामावर गेले नाहीत.

"खरं सांग, माझंही बाबांसारखंच होतंय का गं?"

"काहीतरीच काय बोलता!" मी खेकसले खरी, पण लाद्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

शेवटी शाळेतल्या गणिताच्या बाई डोकावल्या. खडूने फरशीवरच काही आकडेमोड केली आणि हसल्या. "काका, जन्मभर मांडलंत तरी जुळायचं नाही. ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, एवढं सोडून तिला कशानेच भाग जात नाही. एकच लांबलचक ओळ होईल, बस्स."

"एवढा ढीग, आणि भाग जायला एक आकडा नाही?"

"नाही. पण एक लादी वाढवा, मग बहात्तर ओळी, प्रत्येकीत एकशे एकोणचाळीस. तंतोतंत."

एका लादीने एवढी आडमुठी संख्या सुतासारखी सरळ कशी होते, हे मला अजूनही उमगलेलं नाही. मुख्याध्यापिकांनी एक कोरी लादी चालेल म्हणून सांगितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. डोकं शाबूत होतं ह्यांचं! घरी येईपर्यंत माझी टकळी चालू होती. हे मात्र घरात शिरलेच नाहीत.

दारातच बसले. म्हणाले, "बाबांच्या त्या कामात लाद्या किती होत्या गं?"

मी आठवून पाहिलं. त्यांनी चिडून उधळलेल्या लाद्या आठवल्या, आमचं हसणं आठवलं. आकडा काही आठवेना.

"नाही हो आठवत."

"आठवणार कसा? आपण कुणी त्यांना विचारलाच नव्हता."