ओला चेंडू

अमेरिकेतल्या श्रूजबरीत मी संशोधन करत होतो तेव्हा ज्यांच्या घरातली वरची खोली भाड्यानं घेतली होती, ते म्हातारे घरमालक पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पगारी बेसबॉलपटू होते. नव्वदीला टेकलेले. मी त्यांना मनात आजोबा म्हणे. ते मला प्रोफेसर म्हणत, माझा प्रबंध तिसऱ्या प्रकरणात रुतलेला असूनही.

त्यांची कारकीर्द थुंकीवर उभी होती. बोटं जिभेला लावून चेंडूची एक बाजू ओली करायची; मग तो फलंदाजापाशी पोचता पोचता एकदम खाली बुडे. तेव्हा हे उघडपणे चाले. महायुद्धानंतर ओल्या चेंडूवर बंदी आली. मोठ्या संघांतल्या काही नामवंतांना निवृत्तीपर्यंत सूट मिळाली. आजोबा खालच्या संघात होते. कोरडा चेंडू त्यांना इतरांसारखाच टाकता येई, म्हणजे कुणी पगार द्यावा असा नव्हे. पुढची सगळी नोकरी त्यांनी तारा बनवणाऱ्या कारखान्यात काढली.

गावाला ते आठवले, कारण मैदान नवीन बांधलं होतं आणि उद्घाटनाला कुणीतरी जुनं लागतं. पहिला चेंडू त्यांनी टाकायचा होता. आजोबांनी ठरवलं, ओला टाकायचा. एकदाच, लोकांसमोर.

वसंतभर मागच्या अंगणात सराव चालला. शाळेत विकेटकीपर होतो, एवढ्या भांडवलावर मी समोर. अडचण लाळेची होती. औषधांनी तोंड कोरडं पडे. त्यांच्या काळी त्यासाठी एका झाडाची साल चघळत. ती मिळेना, तेव्हा आईनं पाठवलेल्या सुपारीचं खांड मी दिलं. ते लागू पडलं. चेंडू उष्टा, प्रत्येक झेलानंतर माझा हात आपोआप पँटला पुसला जाई.

"तुमच्या देशात थुंकायला बंदी आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे. म्हणून सगळे थुंकतात."

"चांगला देश दिसतोय."

एका संध्याकाळी चेंडू माझ्या हातांखालून गेला. खरोखरच बुडाला होता. आजोबांनी फक्त चेंडू परत मागितला.

समारंभाला बँड होता. गावच्या मंडळाचे अध्यक्ष जुना खेळ किती स्वच्छ होता यावर बराच वेळ बोलले. आजोबांच्या गालात सुपारी होती. चेंडू हाती येताच त्यांनी बोटं जिभेला लावली आणि पांढऱ्या चामड्यावर तपकिरी डाग उमटला. अध्यक्षांना वाटलं, म्हाताऱ्याची लाळ गळतेय. त्यांनी रुमाल काढून आधी हनुवटी पुसली, मग चेंडू.

"हं, आता झाला स्वच्छ," ते माइकवर प्रेमानं म्हणाले.

आजोबांनी बोटं पुन्हा तोंडाकडे नेली, तर अध्यक्षांनी त्यांचा हातच धरला, आधारासाठी. मग तो कोरडा चेंडू सरळ गेला, दोन टप्पे खात. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

घरापाशी गाडी लावली तेव्हा ते म्हणाले, "तो माझा चेंडू नव्हता."

मग गालातलं खांड काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. मी हात पुसला नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा अंगणात गेलो नाही.