बाटलीतले बुडबुडे

"आबा, नळ पुरा उघडा ना. इतलीशी हवामा काय व्हई?"

धुळ्यातल्या एका लहान हॉस्पिटलच्या दारात मी ॲम्ब्युलन्सचं मागचं दार धरून उभा होतो. आत स्ट्रेचरवर योगेश. वय तिशीच्या आसपास. धाप एवढी की एक वाक्य दोन तुकड्यांत बोलायचा. उशाशी त्याची बायको ज्योती. आणि ऑक्सिजनचा नळ पुरा उघडा म्हणणारा त्याचा थोरला भाऊ, त्याला घरचे सगळे नाना म्हणत.

योगेशला मानेतल्या गाठींचा कॅन्सर होता. केमो जळगावला चालू होता. आधी कोरडा खोकला सुरू झाला, मग जिना चढताना दम, आता बसल्या जागी धाप. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ज्या मॅडम केमो देतात त्यांच्याकडेच न्या. सोबत द्यायला त्यांच्याकडे सिस्टर नव्हती. म्हणजे पेशंट, दोन नातेवाईक आणि मी.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही रडतखडत. पण ॲम्ब्युलन्स चालवण्यात माझे केस पांढरे झाले. ऑक्सिजन कसा लावायचा हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. सिलिंडरच्या तोंडाला एक पाण्याची बाटली असते. हवा तिच्यातून ओली होऊन पेशंटच्या नाकात जाते. नळ जेवढा उघडाल तेवढे त्या बाटलीत बुडबुडे. आमच्या धंद्यात रीत अशी की नळ पुरा सोडायचा. बुडबुडे खळखळले की नातेवाईक गप्प बसतात. ज्या गाडीत बुडबुडे कमी, ती गाडी भिकार, असं लोक तोंडावर बोलतात. मीही कायम पुराच सोडायचो.

नळाला हात घातला तेवढ्यात ज्योतीनं माझ्या हातात फोन दिला. "आबा, मॅडमना तुमच्याशी बोलायचंय."

"आबा, ऑक्सिजन तुम्ही लावणार का?" मॅडमनी विचारलं.

"मीच लावणार."

"मग ऐका. बोटाला लावतात त्या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या जवळ ठेवायचा. अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला तर थोडा वाढवा. ब्याण्णवच्या वर गेला की कमी करा."

मला वाटलं बाईंची काही गल्लत होतेय. "मॅडम, लोक अठ्ठ्याण्णव मागतात. मी धापेचे कितीतरी पेशंट पोचवलेत."

"पोचवले असतील. पण याला जे औषध दिलंय ते फुप्फुसात साचतं. त्यावर जास्तीचा ऑक्सिजन मिळाला की ते आतून फुप्फुस खातं. गरजेपुरता द्यायचाच आहे. वरचा नको."

"मला हे पटत नाही मॅडम."

"नाही पटलं तरी चालेल. कराल का, तेवढं सांगा."

असं विचारणारी डॉक्टर मला आधी भेटली नव्हती. मी म्हणालो, "करीन. शब्द दिला."

नळ बारीक केला. बाटलीत दोन-चार बुडबुडे, तेही आळशी. आकडा नव्वद. नानाचा चेहरा उतरला. मी ज्योतीला सांगितलं, आकडा बदलला की मोठ्यानं बोल. मधली काच उघडी ठेवली आणि गाडी काढली.

दुपारचं ऊन. रस्ता रिकामा होता, पण माझं डोकं रिकामं नव्हतं. मागून ज्योतीचा आवाज येत होता. नव्वद. एकोणनव्वद. नव्वद. प्रत्येक आकड्याला माझा पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जायचा. भरलेलं सिलिंडर गाडीत असताना पेशंट हवेवाचून गेला, असं उद्या कोणी म्हणालं तर मी कोणाला तोंड दाखवणार? आणि मॅडमची खरंच गल्लत असली तर?

पारोळ्याच्या अलीकडे मागचा आवाज बदलला. बाटली खळखळायला लागली. इंजिनाच्या आवाजातही मला ते कळतं.

"ज्योती, आकडा?"

नानाच बोलला. "अठ्ठ्याण्णव. दखा, आते कसं झकास शे."

मी गाडी कडेला घेतली, मागे गेलो. योगेश खरंच जरा शांत दिसत होता, कपाळावरची आठी गेली होती. ते बघून माझाही हात थबकला. मग मी नळ बारीक केला.

नाना माझ्या मनगटाला धरून म्हणाला, "बठ्ठा सिलिंडर भरेल शे, मंग कंजुषी कसानी? तुम्ही काय डॉक्टर शेतस का?"

"नाही. म्हणून तर डॉक्टरचं ऐकतोय."

"मन्हा भाऊले काही व्हयनं तं मी तुम्हले सोडाव नही."

"नका सोडू. पण आता पुढं माझ्या शेजारी येऊन बसा. इथं बसायचं असेल तर गाडी इथंच उभी राहील."

योगेशनं ऑक्सिजनच्या नळीखालून हात हलवला. "नाना... जाय ना... पुढे." तिथं ते भांडण संपलं. नाना पुढं येऊन बसला आणि खिडकीकडे तोंड करून राहिला. ज्योतीला मी नळ किती फिरवायचा ते दाखवलं. बोटाच्या पेराएवढाही नाही.

एरंडोल मागं पडलं आणि ज्योती ओरडली, "आबा, आकडाच गेला."

नाना वळून उठायला लागला. मी एका हातानं त्याला दाबून धरलं, दुसऱ्या हातात स्टिअरिंग. "पोरी, तो बोलतोय का?"

"बोलताय. पाणी मागताय."

"मग बोट पुस. दुसऱ्या बोटाला लाव."

घामानं मशीन सरकलं होतं. थोड्या वेळानं आवाज आला, सत्त्याऐंशी. मी म्हणालो, किंचित वाढव. मग अठ्ठ्याऐंशी. मग बराच वेळ काही नाही. मग नव्वद. नाना तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होता. मी घेत नव्हतो, पण आकडे मीही तसेच घोकत होतो.

जळगावात पोचलो. योगेशला आत नेलं, छातीचा सीटी स्कॅन झाला, हृदयाचा टूडी एको झाला. मी आणि नाना बाहेरच्या बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

मॅडम बाहेर आल्या. फुप्फुसाला त्या औषधाचीच सूज होती. हृदय ठीक होतं. मी विचारलं, हृदयाचा काय संबंध? त्या बाकावर बसल्या आणि आम्हाला समजेल असं बोलल्या.

केमोतली काही औषधं मातीतल्या बारीक जीवांपासून मिळतात, आपल्या तापाच्या अँटिबायोटिकसारखीच. फक्त ही जंतूंऐवजी कॅन्सरच्या पेशींवर सोडतात. पेशीच्या आत एक लांब धागा असतो, त्याच्यावरून पेशीची नवी पेशी होते. ही औषधं तो धागा तोडतात किंवा त्यात अडकून बसतात. पेशी वाढत नाही, मरते. पण औषधाला आपलं-परकं कळत नाही. योगेशला अशी दोन चालू होती. एक लाल रंगाचं, ते जास्त झालं तर हृदयाचा स्नायू कमजोर करतं, म्हणून एको. दुसरं फुप्फुस आणि कातडीत साचतं, कारण ते मोडून टाकणारा पदार्थ तिथं फार कमी असतो.

"आबा, ते दुसरं औषध शरीरातलं लोखंड पकडतं," त्या म्हणाल्या. "लोखंड आणि ऑक्सिजन एकत्र आले की काय होतं?"

"गंज."

"साधारण तसंच. त्याच जोरावर ते धागा तोडतं. कॅन्सरमध्ये तोडलं तर आपला फायदा. फुप्फुसात तोडलं तर तिथं जखम, आणि जखमेचा कायमचा वण."

गाडीच्या पत्र्याशी मी जन्मभर भांडत आलोय. हे मला चौथीतल्या कुठल्याही धड्यापेक्षा लवकर कळलं.

नानानं खाली बघत विचारलं, "मी मधी पुरा सोडेल व्हता. काही नुकसान?"

"थोडाच वेळ होता ना? जळगावपर्यंत तसाच ठेवला असता तर मला काळजी वाटली असती."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वाटेत पटलं का तुम्हाला?"

"नाही."

"मग ऐकलं कसं?"

"शब्द दिला होता."

त्या हसल्या. "बरंच झालं. पटलं म्हणून ऐकणाऱ्याचं मत अठ्ठ्याण्णव बघून बदललं असतं. शब्द बदलत नाही."

ते दुसरं औषध योगेशचं कायमचं बंद झालं. स्टेरॉइडवर सूज हळूहळू उतरली, बाकीचा केमो पुढं चालू राहिला. आता तो पुन्हा आपल्या दुकानात बसतो. जिना चढताना मध्ये एकदा थांबतो, तेवढं राहिलं. पुढं कधी ऑपरेशन करायचं झालं तर तिथंही ऑक्सिजन देतात, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरला या औषधाचं आधी सांगायचं, हे ज्योतीनं पाठ करून ठेवलंय. नानानं माझी माफी वगैरे मागितली नाही, मीही वाट पाहिली नाही. त्यांच्या घरचा कोणी आजारी पडला की फोन मात्र मलाच येतो.

मी आता नळाला हात घालण्याआधी विचारतो, केमो झालाय का, झाला असेल तर डॉक्टरांना फोन लावा. बाकी पेशंटना लागेल तेवढा सोडतोच, त्यात हात आखडत नाही. पण ऑक्सिजन हेही औषधच आहे, आणि औषध बुडबुडे बघून देत नाहीत, एवढं या वयात शिकलो. बुडबुडे कमी दिसले की लोक अजूनही माझ्या गाडीला नावं ठेवतात. ठेवू देत.