न गळणारी नदी

मी कुवेतमधल्या शुऐबाच्या एका प्लांटमध्ये पाइप फिटिंगचा फोरमन आहे. समुद्राच्या पाण्यातला गाळ बाहेर ठेवायचा आणि आत आलेलं पाणी थेंबभरही गळू द्यायचं नाही, यावर माझं घर चालतं. त्यामुळे सहावीतल्या लेकीने शाळेच्या प्रदर्शनासाठी ‘मोठी नदी आणि प्राचीन संस्कृती’ हा विषय आणला, तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच डिपार्टमेंट.

“बाबा, या वेळी मी एकटी करणार हं,” तिने बजावलं. मागच्या वर्षी तिचा ज्वालामुखी मीच केला होता आणि बाईंच्या एकाही प्रश्नाला तिला उत्तर देता आलं नव्हतं. मी मान डोलावली. सबाह अल-सालेममधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्याच बापांनी अशी मान डोलावली होती. सगळेच कामावरून आले की टेप घेऊन मुलांच्या प्रोजेक्टची मापं काढत होते.

तिने आईबरोबर जाऊन नर्सरीतून मातीची पिशवी आणली, हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरली आणि ओल्या मातीत बोटाने युफ्रेटिस ओढली. नदीला पूर येणार, काठावर गाळ साचणार, त्यात सातू पिकणार. त्याच गाळाच्या विटा, त्याच गाळाच्या पाट्या, पाट्यांवर लिहिणारी माणसं. अख्खी संस्कृती चिखलातून उभी राहणार होती. मला मात्र पाणी सोफ्याखाली गेलेलं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी चक्क रजा टाकली. ती शाळेत असताना चिखल भरून कचऱ्यात टाकला, आणि पीव्हीसीचा पाइप उभा चिरून नदी केली. आतून निळा रंग, फिश टँकचा पंप, प्रत्येक जॉइंटला सिलिकॉन, शिवाय एक व्हॉल्व्ह. लेक आली आणि दप्तर पाठीवर तसंच ठेवून उभी राहिली.

“माझी रिव्हर कुठाय?”

“ही बघ ना! एक थेंब गळत नाही.”

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

प्रदर्शनात परीक्षक बाईंनी विचारलं, “बताओ बेटा, इस नदी ने लोगों को क्या दिया?”

“कुछ नहीं, मॅम. इसमें फ्लड आता ही नहीं. पापा ने सब सील कर दिया.”

हशा पिकला. मीही हसलो, आणि मग मला आमची नदी आठवली. रायगडात आमच्या गावी पूर येऊन गेला की नदी काठाला मळई सोडून जायची, आणि पावसाळा संपला की वडील त्या मळईत भाजी लावायचे. त्याच भाजीवर मी वाढलो. पुराचा गाळ काय देतो हे त्या हॉलमध्ये माझ्याइतकं कुणालाच माहीत नसेल. मला स्वतःची लाज वाटली.

पहिलं बक्षीस अर्थात आम्हालाच. दुसऱ्या दोन मुलांच्या नद्या फरशीवर सांडल्या होत्या. आमची ‘नीट अँड क्लीन’ ठरली. लोक ‘मबरूक, मबरूक’ करत हात मिळवायला आले, तेही माझ्याशी.

गाडीत बसल्यावर तिने सर्टिफिकेट माझ्या मांडीवर ठेवलं.

“बाबा, हे तुमचं.”

“अगं, नाव तुझं आहे त्यावर.”

“हो,” ती म्हणाली, “तेवढंच माझं आहे.”